मधला डबा

आमच्या घरात धानाच्या कोठीपेक्षा जास्त जपलं जायचं ते बाबांचं मशीन. घर मातीचं, दोन खोल्यांचं, मागच्या बाजूला बोडी, म्हणजे लहान तळं. पावसाळ्यात बोडीचं पाणी चढलं की भिंतीही ओल धरायच्या, आणि माय आधी मशीनची पेटी उचलून चुलीवरच्या फळीवर ठेवायची, मग आमची अंथरुणं हलवायची. मशीन म्हणजे लाऊडस्पीकरचं सामान. दोन भोंगे, एक बॅटरी, एक माईक, रेकॉर्ड वाजवायचा प्लेअर आणि पत्र्याच्या ट्रंकेत जपून उभ्या ठेवलेल्या रेकॉर्डी. थोडी धानाची शेती होती, बोडीतले मासे होते, पण बाबांची ओळख होती ती मशीनमुळं. सावली गावाच्या आजूबाजूला देवाजी म्हटलं तर कोणी मान हलवायचं नाही, माईकवाले भाऊ म्हटलं की घर दाखवायचे. लग्न असो, बारसं असो, शंकरपट असो, बैलगाडीत भोंगे आडवे टाकून बाबा निघायचे, आणि मी एकुलती, बिनभावाची, रेकॉर्डी पुसायला म्हणून सोबत.

मी बोलकी आहे. लहानपणापासूनच. माय म्हणायची, या पोरीच्या तोंडाले चावी नाई. पण या प्रकरणात सांगायचं आहे ते मी बोलले नाही त्याबद्दल.

बाबांची बसायची एक पद्धत होती. दुसरे माईकवाले भोंगा लांब झाडावर बांधायचे आणि स्वतः मांडवाच्या आडोशाला बसायचे. बाबा मात्र ज्या बांबूवर भोंगा बांधलाय त्याच बांबूला पाठ टेकून, मशीन आणि प्लेअर मांडीशी घेऊन बसायचे. "भोंग्याच्या तोंडाशी बसलं म्हणजे त्याची तब्येत समजते," असं म्हणायचे. असं कितीतरी वर्षं बसले. त्यांच्या कानांचं काय होत गेलं ते त्यांच्याआधी मायला आणि मला कळलं. एकदा गोठ्यातली कालवड सुटून गळ्यातले घुंगरू वाजवत अंगणात आली आणि वाळत घातलेलं धान खात सुटली. बाबा चार हातांवर पाठमोरे बसून दोरी वळत होते. कालवड खाते आहे, घुंगरू वाजताहेत, आणि बाबा आपले दोरी वळताहेत. माय आतून झाडू घेऊन धावली. आधी तिनं तोंड उघडलं, बोलणार होती बाबांना. मग बोलली नाही. कालवडीला हाकलून ती माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "त्याईले काही सांगू नको. माईकवाल्याले आयकू येत नाई म्हटलं तं कोण बोलावीन? अन् त्याईच्या मनाले लागन थे येगळंच."

तेव्हापासून आमच्या घरात एक नवीन बोलणं सुरू झालं. बाबांना जाड आवाज चांगला ऐकू यायचा. गाडीची घरघर, ढोल, बैलांचं हंबरणं सगळं यायचं. बारीक तेवढंच निसटायचं. म्हणून माय त्यांच्याशी बोलताना समोर यायची आणि आवाज खाली उतरवून, पोटातून बोलायची. मलाही शिकवलं, मोठ्यानं नाही बोलायचं, जाड बोलायचं. ताटात भात वाढताना, लाखोळीचं वरण ओतताना, सुक्या झिंग्यांची चटणी पुढं करताना आम्ही दोघी पुरुषासारख्या आवाजात बोलायचो आणि बाबा खुशीत जेवायचे. माझा आवाज अजून तसाच आहे. सुनेला पहिलं वर्षभर वाटायचं सासूबाई रागावल्यात.

असंच जवळजवळ दोन वर्षं चाललं, आणि मग एका पावसाळ्यात प्लेअरचं हेड गेलं. हेड म्हणजे नखाएवढी डबी असते, तिच्यात सुई बसलेली, रेकॉर्डवर ठेवतात ती. आता तिला कार्ट्रिज म्हणतात. जुन्या हेडात खड्यासारखं काही असायचं, ते ओल धरलं की मरून जायचं. धान कापून झालं आणि पटांचे दिवस तोंडावर आले तेव्हा बाबा म्हणाले, "चाल सुमन, बल्लारपूरले जाऊ, राजन्नाकडे." राजन्ना म्हणजे स्टेशनजवळचा रेडिओ दुरुस्त करणारा. सिरोंच्याकडचा, तेलुगू बोलणारा माणूस, मराठीत हिंदी कालवून बोलायचा. त्याच्या दुकानात सोल्डरिंगचा वास असायचा आणि कागद कारखान्याचा कुबट वास बाहेरून आत यायचा, दोन्ही मिळून माझं डोकं दुखायचं. तरी मला तिथं जायला आवडायचं.

राजन्नानं दोन हेडं काढून ठेवली. एक जुन्या जातीचं. दुसरं लोहचुंबकाचं, नवीन. जुन्याची सुई उचलून त्यानं बाबांच्या बोटावर टेकवली, मग नव्याची. "देखा भाऊ? पुराना रेकॉर्डवर असा बसते जसा भैंस. तुमची रेकॉर्ड पांढरी पडून राह्यली ना? तोच छिलते तिले. हा नवा हलका आहे." बाबांनी आमच्या रेकॉर्डीवर पडलेल्या पांढऱ्या रेघा आठवल्या असतील. त्यांनी लगेच नवीन हेड उचललं. राजन्ना म्हणाला, "पण ह्याचा आवाज एकदम कमजोर निघते. मशीनपर्यंत पोचत नाही. मध्ये एक डबा लावावा लागते."

डबे त्याच्या फळीवर दोन होते, त्यानं हातानं बनवलेले, ॲल्युमिनियमचे. एक उचलून त्यानं जोडला आणि रेकॉर्ड लावली. अजून आठवतं मला. आमच्याच ट्रंकेतली, शंभर वेळा ऐकलेली रेकॉर्ड, आणि तिच्यात मागं कोणी तबला वाजवतं हे मला त्या दिवशी कळलं. गाणाऱ्या बाईचा आवाज असा आला जसा भरल्या घरातून येतो. मी बाबांकडं बघितलं. त्यांचं तोंड पडलं होतं.

"हा तं मेलाय गा राजन्ना. कांबळ पांघरून गाऊन राह्यली थे बाई."

राजन्नाला कळेना. त्यानं आवाज वाढवला. बाबा मान हलवत राहिले. मग त्यांचं लक्ष दुसऱ्या डब्याकडं गेलं. "थो कोणता?"

"तो माईकचा आहे. रेकॉर्डले नाही चालत."

"लावून तं पाह्य."

राजन्नानं हसत हसत लावला, गंमत म्हणून. आणि दुकानात जणू पत्र्यावर विळा घासला गेला. तबला गेला, पोट गेलं, बाईच्या आवाजाची नुसती धार उरली. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं मागं वळून बघितलं. आणि बाबांच्या तोंडावर उजेड पडला. "हा. आता आली साफ. हाच दे."

राजन्ना गंभीर झाला. तो लबाड माणूस नव्हता, दोन्ही डबे सारख्याच किमतीला होते. त्यानं समजावलं. रेकॉर्ड बनवतानाच जाड आवाज दाबतात आणि बारीक फुगवतात, वाजवताना मधल्या डब्यानं ते उलटं करून सारखं करायचं असतं. "सुकट कशी, भिजवल्याशिवाय खाते का कोणी? हा पहिला डबा भिजवून देते. हा दुसरा सुकाच तोंडात टाकते." बाबांना वाटलं हा उगाच शहाणपण करतो आहे. त्यांचा सूर चढला. मग राजन्ना माझ्याकडं वळला. "तू सांग बाई. तुझे कान जवान आहेत. कौनसा?"

बाबाही माझ्याकडं बघायला लागले. मला पहिला डबा हवा होता. पण मी तसं म्हटलं असतं तर राजन्नानं पुढचा प्रश्न विचारलाच असता, मग भाऊंना दुसरा का बरा वाटतो. त्याच्या दुकानात आजूबाजूच्या सगळ्या गावांचे माईकवाले येत. माझ्या डोळ्यांपुढं माय उभी राहिली, झाडू हातात घेतलेली. मी म्हटलं, "बाबा म्हणतात थोच बरा आहे."

राजन्नानं डबा कागदात बांधून दिला.

माझी नात रेणू चंद्रपूरला असते, तिनं गेल्या वर्षी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र घेतलं. आता पुन्हा त्याची हौस आलीय म्हणे पोरांना. तीन महिने ती कार्ट्रिज कोणतं आणि फोनो स्टेज कोणता यावर फोनवर वाचत बसली होती. फोनो स्टेज म्हणजे आमचा मधला डबा, दुसरं काही नाही. तिला सुईचं वजन किती ग्रॅम, आवाज किती मिलिव्होल्ट, सगळे आकडे पाठ. मला म्हणाली, आजी, तू ऐकून सांग ना कोणता बरा. मी सांगितलं, बाई, मला आता पाखरांचं अर्धं बोलणं ऐकू येत नाही, माझ्यावर विसंबू नको. तिला ते विनोदाचं वाटलं. मी हे तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

नवा डबा आणल्यावर पहिलं काम बारशाचं निघालं. तिथल्या बाळंतिणीची सासू येऊन म्हणाली, "भाऊ, थोडा कमी करा, पोरगं दचकते." बाबांनी कमी केला. घरी बाबा रेकॉर्ड लावून बघायचे तेव्हा माय कानात कापूस घालून भाकरी थापायची आणि मला डोळ्यांनी विचारायची, हे काय आणलं. मी मान खाली घालायची. मला वाटायचं, सांगावं. रोज वाटायचं. आणि रोज वाटायचं, उद्या.

मग पट आला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, शंकरपट म्हणजे बैलांच्या जोड्यांची शर्यत. धान कापलेल्या बांध्या, म्हणजे शेतं, सपाट करून लांब पट्टी आखतात, एकेक जोडी सुटते आणि घड्याळ लावतात. दोन्ही बाजूंना माणसं, बाया, पोरं, भज्यांच्या कढया, मुरमुऱ्यांचे ढीग. आपला भोंगा असायचा तो जोड्या सुटतात त्या टोकाला, कारण नावं तिथूनच पुकारायची. एक नियम मात्र कडक. जोडी सुटायच्या जागेवर आली की पंच हात वर करायचे आणि गाणं बंद. बैल तेव्हा अंगात वारा भरल्यासारखे असतात, एका शिट्टीनं बिथरतात. बाबा त्या नियमाला कधी चुकले नव्हते, म्हणून तर त्यांना बोलवायचे.

दुपार चढली होती. जगन नावाच्या धुरकऱ्याची जोडी आली. धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा. जगन आमच्या शेजारच्या गावचा, बारीक अंगाचा, तोंडाळ. जाता जाता बाबांना म्हणाला, "भाऊ, आज माह्यं नाव असं पुकारा का सासुरवाडीले आयकू गेलं पाह्यजे." बाबा हसले. पंचांनी हात वर केला. गाणं तेव्हाच संपत आलं होतं, बाबांनी ते संपू दिलं आणि पुढची रेकॉर्ड ट्रंकेतून काढून फडक्यानं पुसायला घेतली. सुई उचलायची राहिली. रेकॉर्डच्या शेवटच्या कोऱ्या रेघेत ती फिरत राहिली.

पट्टीवर शांतता पसरली. आणि त्या शांततेत भोंग्यातून एक बारीक शिट्टी यायला लागली. आधी डासासारखी. मग वाढत गेली. प्लेअर भोंग्याच्या तोंडाशीच होता, भोंग्याचा आवाज सुईत शिरत होता, सुईचा परत भोंग्यात. बारीक आवाज दाबायचं काही त्या डब्यात नव्हतंच, हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं की माणसं कानांवर हात नेताहेत, जगनचा डावा बैल कान मागं पाडतो आहे, आणि बाबा रेकॉर्ड उन्हात तिरपी धरून धूळ बघताहेत. त्यांच्यासाठी सगळं चिडीचूप होतं.

सुई माझ्यापासून हातभर होती. मध्ये बाबांच्या मांड्या. मी हात पुढं केला आणि थांबले. सगळा पट आमच्याकडंच बघत होता. बाबांच्या अंगावरून वाकून मी सुई उचलली तर सगळ्यांना कळेल की शिट्टी पोरीला ऐकू आली आणि बापाला नाही. मनात म्हटलं, आता थांबेल. आता आपोआप थांबेल. किती वेळ थांबले ते मला सांगता यायचं नाही. तीन श्वास असतील.

बैल उधळले. सुटायची खूण झाली नव्हती, जगनचा एक पाय अजून खाली होता. जोडी पट्टी सोडून डावीकडं माणसांत घुसली, माणसं फाटली, भज्यांची कढई कोणीतरी लाथेनं लांब ढकलली म्हणून बरं. जगन दांडीला धरून ओढला गेला, बांधावर आपटला आणि तिथंच राहिला. मी सुई उचलली तेव्हा शिट्टी थांबली आणि त्याचं कण्हणं ऐकू आलं.

त्याचा खांदा निखळला होता आणि गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याला गाडीत घालून न्यावं लागलं. पंचांतले महादूभाऊ, मोठ्या मिशांचे, तरातरा आमच्याकडं आले.

"देवाजी, काऊन गा? भोंगा बोंबलून राह्यला अन् तू रेकॉर्ड पुसून राह्यला?"

बाबा उठून उभे राहिले. "कोणता भोंगा? माहा भोंगा तं बंद होता, महादूभाऊ. म्या गाणं कवाचं संपवलं."

भोवतीची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ते बघून बाबांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. कोणी खाली बघितलं, एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. आणि मी, जिनं तोंड उघडायच्या वेळी उघडलं नाही, तिनं ते आता उघडलं. "म्या आवाजाची चावी फिरवली," मी म्हटलं. "बाबाचं ध्यान नोयतं. माह्यी चूक आहे."

महादूभाऊंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पोरीबाळीले मशीनवर बसवता काऊन?" एवढं म्हणून ते वळले. माणसं सुटकेचा श्वास टाकून पांगली.  बाबांनी सामान बांधलं, भोंगे उतरवले. गाडीत अख्खा रस्ता ते समोर बसले आणि मी मागं भोंग्यांमध्ये. चाकं कुरकुरत होती. त्यांना ती ऐकू येत होती की नाही हाच विचार मी करत राहिले.

घरी मायनं ताटं वाढली. वांग्याची भाजी होती, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकलेला. कोणी जेवलं नाही. सकाळी बाबांनी कालवडीच्या गळ्यातले घुंगरू सोडून आणले, माझ्या हातात दिले आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसले. "वाजव," म्हणाले. मी वाजवले. "वाजव ना." मी वाजवतच होते. माय चुलीपुढून उठली आणि दारात येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं बाबांनी वळून बघितलं, माझा हात हलताना दिसला त्यांना.  "कवापासून?" त्यांनी मायला विचारलं. माय म्हणाली, "दोन सालं झाले असतीन." ती जाड आवाजात म्हणाली, समोर येऊन. आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना आमचं ते बोलणंही कळलं, दोन वर्षांचं सगळं.

त्यांनी टोपी घातली. "चाल," मला म्हणाले.

जगनच्या घरी गेलो, तो अंगणात बाजेवर होता, हात गळ्यात बांधलेला. त्याची बायको कौसल्या मोरीपाशी भांडी घासत होती. बाबा बाजेजवळ जमिनीवर बसले. "जगन, पोरगी काल लबाड बोलली. तिनं काही फिरवलं नाई. शिट्टी माह्या भोंग्याची होती अन् मले आयकू आली नाई. मले बारीक आवाज येतच नाई आता. थे महादूभाऊलेबी सांगून येतो."

 जगन म्हणाला, "मंग राती मी तुमाले शिव्या देत होतो त्या वाया गेल्या म्हणा."

"तू जाड आवाजात देशीन तं येतात," बाबा म्हणाले.

जगन हसला आणि खांदा धरून कळवळला. मला वाटलं संपलं. तेवढ्यात कौसल्या हात पुसत आली आणि बाबांना सोडून माझ्यापुढं उभी राहिली. वयानं माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती ती. "तुले तं आयकू येत होतं ना, सुमन?"

मी होकाराची मान हलवली.

"तं तू काऊन नाई बोलली? माह्या माणसाची मान मोडली असती तं?"

मी सांगायला गेले की बाबांना वाईट वाटलं असतं. ते शब्द तोंडात आले आणि तिच्या नवऱ्याचा गळ्यात बांधलेला हात बघून मी ते गिळले. इतक्या वर्षांत मला पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलं. पण त्या प्रश्नासारखं काही लागलं नाही. मी रडले नाही, तिनंही समजूत घातली नाही. जगनच्या आईनं आतून चहा आणला, तो प्यालो आणि उठलो.

जगनचा खांदा उन्हाळ्यापर्यंत बांधलेलाच होता. त्याची नांगरणी बाबांनी केली. माईकसाठी त्या हंगामात आम्हाला कोणी बोलावलं नाही, महादूभाऊंनी दुसरा बघितला. पुढच्या हंगामाआधी बाबा मला घेऊन पुन्हा बल्लारपूरला गेले. दुकानात दोन दुसरे माईकवाले बसले होते. मला वाटलं ते जाईपर्यंत बाबा थांबतील. बाबा थांबले नाहीत. डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "राजन्ना, माहे कान गेलेत. आता आयकायचं काम हे करते. हिले दाखव."

राजन्नानं फळीवरून तीन डबे काढले, त्यातला एक नवा होता. तो एकेक जोडत गेला. त्या दोन माणसांपुढं माझे कान तापले होते, पण मी ऐकलं, नीट, रेकॉर्डच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पहिला तसाच धारदार होता. दुसरा बरा होता, पण त्यात मागून गुणगुण यायची. तिसऱ्यात तबला आला.

"हा," मी म्हटलं. "बाकीचे नको."

राजन्नानं सवयीनं बाबांकडं बघितलं, की भाऊ, एकदा तुम्हीही ऐकून घ्या. बाबा तोवर तो डबा घ्यायला पिशवी उघडून उभे होते.